कल्हईच्या भट्टीपासून धातूच्या लाटेपर्यंत

रेडिओ किंवा टीव्ही चालता चालता बंद पडला, की त्याच्या बाजूवर एक चापट मारायची, हा उपचार आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी केलेला असतो. गंमत म्हणजे तो पुष्कळदा लागू पडतो. आवाज परत येतो, चित्र स्थिर होते. चापट मारणाऱ्याला वाटते की यंत्राला धाक बसला. खरे कारण वेगळे आहे आणि ते समजून घेताना आपल्याला बरेच मागे जावे लागते.

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील एका गावातल्या शाळेचा ध्वनिवर्धक एकदा आमच्यापुढे उघडला गेला. ऐन कार्यक्रमात तो मुका होई आणि टेबल हलवले की पुन्हा बोलू लागे. झाकण काढल्यावर आत सगळे ठीकठाक दिसले. ट्रान्झिस्टर शाबूत, तारा शाबूत. मग भिंगातून पाहिल्यावर एका पायाभोवती केसाएवढी काळी वर्तुळाकार रेघ दिसली. तांब्याच्या पट्टीला तो पाय जोडणारा रुपेरी ठिपका तेथे तडकला होता. तापलेली कावी क्षणभर टेकवली, ठिपका पुन्हा वितळला आणि ध्वनिवर्धक बरा झाला. भोवती जमलेल्या मुलांपैकी एकाने विचारले, ‘‘एवढंच होतं?’’

एवढेच होते. पण या एवढ्याशा ठिपक्यावर आपले टेलिफोन, रुग्णालयातील उपकरणे, रेल्वेचे सिग्नल आणि मच्छीमार नौकांवरील बिनतारी संच उभे आहेत. तो ठिपका नीट कसा करायचा, हे माणूस निदान दोन हजार वर्षे शिकतो आहे. या इतिहासातली पहिली काही पाने आपल्या किनाऱ्याशी जोडलेली आहेत.

चौलच्या बंदरात

अलिबागच्या दक्षिणेला असलेले चौल हे आज नारळी-पोफळीच्या वाड्यांचे शांत गाव आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या सागरी मार्गदर्शिकेत ‘सेमिल्ला’ नावाच्या बंदराचा उल्लेख येतो. ते चौलच, असे विद्वान मानतात. याच ग्रंथात पश्चिम किनाऱ्यावर भडोच येथे उतरणाऱ्या मालाची यादी आहे आणि तिच्यात तांबे, कथील आणि शिसे ही तीन नावे आहेत. रोमन लेखक प्लिनी यानेही लिहून ठेवले आहे, की हिंदुस्थानात शिसे नसल्याने तेथील लोक रत्ने व मोती देऊन ते घेतात. राजस्थानात शिशाच्या प्राचीन खाणी आहेत, तेव्हा प्लिनीचे म्हणणे शब्दशः खरे नाही. पण त्या काळी धातूचा हा व्यापार मोठा होता, हे नक्की. सातवाहन राजांनी तर शिशाची नाणी पाडली होती.

प्लिनीच्या ग्रंथात आणखी एक नोंद आहे. दोन भाग शिसे आणि एक भाग कथील मिसळून जो धातू होतो त्याने पाण्याचे नळ जोडतात, असे तो सांगतो. म्हणजे पहिल्या शतकातच डाखकामाचे, आजच्या बोलीत सोल्डरिंगचे, मिश्रण ठरून गेले होते.

चौलला अरब खलाशी ‘सैमूर’ म्हणत. अरब प्रवासी अल्-मसूदी दहाव्या शतकाच्या आरंभी येथे आला होता. याच खलाशांच्या वाटेवर मलाया द्वीपकल्पाकडील ‘कलाह’ हे कथिलासाठी प्रसिद्ध असलेले बंदर होते. तेथून येणारे ते ‘कलई’. आपल्या घरातला ‘कल्हई’ हा शब्द त्याच वाटेने आला, असे मानले जाते. आजही आपल्या देशात कथिलाचे साठे थोडे आहेत. छत्तीसगडच्या बस्तर भागात ते सापडते; बाकीची गरज प्रामुख्याने आग्नेय आशियातून भागवावी लागते.

येथे एक गैरसमज दूर करू. मुरूडच्या जंजिऱ्याला गेलेल्या सहलीत वाटाड्या हमखास सांगतो, की तटाचे दगड शिसे ओतून सांधले आहेत. हेही डाखकामच का? नाही. दगडाच्या फटीत ओतलेले शिसे थिजून पाचरीसारखे घट्ट बसते. दगडाशी त्याचा रासायनिक संबंध येत नाही. डाखकामात मात्र वितळलेला धातू दुसऱ्या धातूला ‘भिजवतो’ आणि त्याच्याशी संयोग पावतो. हा फरक पाहायचा असेल, तर किल्ल्यावरून उतरून गावातल्या कल्हईवाल्याकडे जायला हवे.

कल्हईवाल्याचे रसायनशास्त्र

आळीच्या तोंडाशी खड्ड्यात भट्टी पेटवून, भाता ओढत बसलेला कल्हईवाला आता क्वचितच दिसतो. पूर्वी मात्र त्याची हाळी आली, की घराघरांतून तांब्या-पितळेची भांडी बाहेर येत. कोकणात कल्हईला विशेष महत्त्व. रोजच्या स्वयंपाकात चिंच, कोकम आणि ताक असायचे. कल्हई गेलेल्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवला की तांबे त्यात उतरते आणि पदार्थ कळकतो.

कल्हईवाल्याच्या कामाचे टप्पे आठवून पाहा. प्रथम भांडे वाळूने घासायचे. मग ते भट्टीवर तापवायचे. त्यात नवसागराची पूड टाकायची. भसकन पांढरा धूर येतो. मग कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने वितळलेले कथील झरझर फिरवायचे. काळसर भांडे पाहता पाहता चांदीसारखे होते. शेवटी भांडे पाण्यात बुडवायचे.

या प्रत्येक कृतीमागे कारण आहे. तांबे हवेत तापले की त्यावर ऑक्साइडचा काळा थर येतो. वितळलेले कथील या थरावर पसरत नाही. अळूच्या पानावर पाण्याचा थेंब जसा गोळी होऊन राहतो, तसे ते राहते. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापवल्यावर त्यातून अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्ल वायुरूपात सुटे होतात. आम्ल तांब्यावरचा ऑक्साइडचा थर खाऊन टाकते. जे वायू उरतात ते थंड हवेत पुन्हा एकत्र येतात, तोच पांढरा धूर. उघड्या पडलेल्या स्वच्छ तांब्यावर कथील लगेच पसरते आणि दोहोंच्या सीमेवर तांबे व कथील यांच्या संयुगाचा अतिशय पातळ थर तयार होतो. त्यात तांब्याच्या दर सहा अणूंमागे कथिलाचे पाच अणू असतात. कल्हई ही रंगासारखी वर चिकटलेली नसते, ती भांड्यात रुजलेली असते.

ऑक्साइड दूर करणाऱ्या या पदार्थाला इंग्रजीतून आलेला ‘फ्लक्स’ हा शब्द आपण वापरू. स्वच्छ पृष्ठभाग, उष्णता, फ्लक्स आणि वितळलेला धातू ही चार अंगे ज्याला कळली, त्याला इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यातील सोल्डरिंगचे यंत्रही कळले. कल्हईवाल्याने हे शास्त्र पुस्तकातून शिकले नव्हते. पण कोणत्या भांड्याला किती आच आणि किती नवसागर, हे त्याचे हात जाणत होते.

मिठागर, बर्फ आणि १८३ अंश

शुद्ध कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, शिसे ३२७ अंशांना. दोन्ही मिसळली तर मिश्रण या दोन अंकांच्या मधे कोठेतरी वितळेल, असे विद्यार्थी सांगतात. प्रत्यक्षात ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे यांचे मिश्रण १८३ अंशांनाच वितळते, म्हणजे दोघांपेक्षाही कमी तापमानाला.

हे नवल वाटायला नको. कुल्फीच्या साच्याभोवतीच्या बर्फात आपण मीठ का घालतो? पेण किंवा उरणच्या मिठागरातले ते मीठ एकटे वितळवायचे तर ८०० अंश लागतात, आणि बर्फ शून्याला वितळतो. पण दोघे एकत्र आले की शून्याखाली २१ अंशांपर्यंत द्रव राहू शकतो. एकाच्या स्फटिकरचनेत दुसऱ्याची लुडबूड झाली की गोठणे अवघड होते. सर्वांत कमी तापमानाला वितळणाऱ्या अशा मिश्रणाला ‘युटेक्टिक’ मिश्रण म्हणतात.

या मिश्रणाचा दुसरा गुण अधिक मोलाचा. ते पातळ अवस्थेतून थेट घट्ट होते. इतर प्रमाणांत मधे लापशीसारखी अवस्था येते आणि त्या वेळी सांधा हलला तर तो आतून खरखरीत व भेगाळ होतो. नळ जोडणाऱ्याला ती लापशीसारखी अवस्था सोयीची. सांधा हाताने सारखा करायला त्याला वेळ मिळतो. म्हणूनच प्लिनीच्या मिश्रणात शिसे अधिक होते. इलेक्ट्रॉनिक्सला मात्र चटकन गोठणारे मिश्रण हवे होते.

नवसागर मात्र येथे चालत नाही. त्याचा अंश मागे राहिला तर तो हवेतील ओल ओढून घेतो आणि तांबे कुरतडत राहतो. त्याऐवजी चीड वृक्षापासून मिळणारी राळ वापरतात. राळेतील आम्ल गरम असताना ऑक्साइड विरघळवते आणि थंड झाल्यावर घट्ट, कोरड्या, विद्युतरोधक थराच्या रूपात निमूट बसून राहते. तापल्यावर काम करणारे आणि थंडावल्यावर निरुपद्रवी होणारे आम्ल, ही निसर्गाने दिलेली देणगीच म्हणायची.

हाताने जोडलेला संगणक

मांडव्याहून लाँचने मुंबईला जाताना समोर कुलाब्याचे टोक दिसते. याच मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५५ साली एका संगणकाची उभारणी सुरू झाली. १९६० मध्ये तो कार्यान्वित झाला आणि ‘टिफ्रॅक’ या नावाने ओळखला गेला. त्यात २,७०० निर्वात नलिका, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोध होते.

प्रत्येक रोधाला दोन टोके, प्रत्येक डायोडला दोन टोके. म्हणजे नलिका सोडून दिल्या तरी २८,४०० टोके जोडायची होती. एका सांध्याला पाच सेकंद धरले तरी नुसत्या कावीचे काम सुमारे ३९ तासांचे होते. आणि हजारात एकच सांधा कच्चा राहिला असे मानले, तरी २८ सांधे दगा देणार. ते कोणते, हे शोधायला लागणारा वेळ वेगळाच.

मुंबई बंदराच्या पलीकडच्या काठावर, रायगड जिल्ह्यातील घारापुरी बेटाच्या समोर, तुर्भे येथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली. तिची नियंत्रक इलेक्ट्रॉनिक उपकरणे आपल्याच देशात, अय्यागारी सांबशिव राव यांच्या गटाने बनवली होती. अणुभट्टीच्या नियंत्रणात सांधा सुटणे परवडत नाही. या कामातूनच पुढे ११ एप्रिल १९६७ रोजी हैदराबादला ‘इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया’ ही सरकारी कंपनी स्थापन झाली. डॉ. होमी भाभा यांच्या अध्यक्षतेखाली १९६३ मध्ये नेमलेल्या समितीने देशाच्या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाचा आराखडा आखला होता. तिचा अहवाल १९६६ मध्ये आला. १९७३ मध्ये मुंबईत अंधेरीला ‘सिप्झ’ हे इलेक्ट्रॉनिक्स वस्तूंचे निर्यात क्षेत्र उभे राहिले. तेथे जुळणीच्या बाकांवर कावी घेऊन बसणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. हजारो सांध्यांवरून फिरणारी त्यांची नजर हा या उद्योगाचा पाया होता, जरी मालाच्या खोक्यावर त्यांचे नाव कधी आले नाही.

लाट कशी आली

हाताने एकेक सांधा करण्याऐवजी सगळे सांधे एकदम करता येतील का? आधी त्यासाठी सगळे सांधे एका पातळीत यायला हवे होते. ते काम छापील परिपथाच्या पाटीने, म्हणजे आपल्या परिचयाच्या पीसीबीने केले. व्हिएन्नात जन्मलेले पॉल आइस्लर यांनी १९३६ मध्ये इंग्लंडमध्ये असा परिपथ वापरून रेडिओ बनवला होता. १९४९ मध्ये अमेरिकन लष्कराच्या सिग्नल कोअरमधील मो अब्रामसन आणि स्टॅनिस्लॉस डँको यांनी पुढची पायरी गाठली. घटकांचे पाय पाटीच्या भोकांतून खाली काढायचे आणि पाटीचा तळ वितळलेल्या सोल्डरवर टेकवायचा. एका बुडीत सगळे सांधे तयार!

पण स्थिर द्रवात अडचणी होत्या. तापलेल्या दुधावर साय धरावी तसा सोल्डरवर ऑक्साइडचा थर धरतो आणि तो पाटीला चिकटतो. फ्लक्सच्या वाफा पाटीखाली अडकतात आणि तेथे सांधा होत नाही. पाटी तापून वाकते. सपाट पृष्ठभागावरून ती उचलताना दोन शेजारच्या सांध्यांमध्ये धातूचे तंतू राहतात.

इंग्लंडमधील फ्राय या धातू कंपनीने १९५० च्या दशकाच्या मध्यात यावर तोड काढली. पाटी द्रवात बुडवायची नाही. द्रवालाच उचलून पाटीपर्यंत आणायचे. कढईच्या तळाशी पंप बसवून वितळलेले सोल्डर एका लांबट फटीतून वर उसळवले, की त्याची अखंड लाट तयार होते. लाटेचा माथा सतत खालून येणाऱ्या ताज्या, निर्मळ धातूचा असतो. पाटी साखळीवरून किंचित चढत्या वाटेने, पाच ते सात अंशांच्या कलाने, लाटेच्या माथ्याला तळ टेकवत पुढे जाते.

यंत्रात पाटीचा प्रवास चार टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात तळाला फ्लक्सचा फेस किंवा फवारा लागतो. दुसऱ्यात पाटी हळूहळू १०० अंशांच्या आसपास तापते. तिसऱ्यात २५० अंशांच्या लाटेशी दोन ते चार सेकंद संपर्क येतो. चौथ्यात ती निवते. घासणे, तापवणे, नवसागर, कांडी, पाणी: कल्हईवाल्याचाच क्रम, थोडा उलटसुलट केलेला.

पाटीचा वेग कसा ठरवतात? समजा लाट पाटीला ५ सेंटिमीटर रुंदीत स्पर्श करते आणि आपल्याला ३ सेकंद संपर्क हवा आहे. ५ भागिले ३, म्हणजे सेकंदाला १.६७ सेंटिमीटर, अर्थात मिनिटाला १ मीटर. सातवीच्या गणितावर एक कारखाना चालतो, हे विद्यार्थ्यांना जरूर दाखवावे.

लाट बिघडते तेव्हा

यंत्र घेतले म्हणजे सांधे चांगले होतात, असे नाही. लाटेवरचा कारागीर बिघडलेल्या सांध्याच्या रूपावरून कारण ओळखतो. वैद्य जिभेवरून पोटाची परीक्षा करतो तसा.

दोन शेजारच्या पायांना जोडणारा धातूचा ‘पूल’ दिसला, तर पाटी लाट सोडते त्या जागी काहीतरी चुकले आहे. समुद्राची लाट ओसरताना वाळूवरून पाणी मागे खेचले जाते, तसे जादा सोल्डर पृष्ठताणाने मागे लाटेत परत ओढले गेले पाहिजे. फ्लक्स आधीच जळून गेला असेल, तापमान कमी असेल किंवा कल चुकला असेल, तर ते परतत नाही. पायाच्या टोकाशी निमुळते सुळके लोंबत असतील, तर त्याचीही कारणे बहुधा हीच.

सांध्यावर बारीक भोक दिसले, तर आतून वाफ फुटून बाहेर आली आहे. वाफ कोठून? पाटीतल्या ओलाव्यातून. कोकणच्या पावसाळ्यात काडेपेटी सादळते, पापड सादळतात. पाटीचे थरही हवेतली ओल पितात. २५० अंशांची लाट लागताच त्या ओलीची क्षणात वाफ होते. अशा पाट्या आधी मंद भट्टीत काही तास सुकवाव्या लागतात, आणि मुळात त्या कोरड्या जागी ठेवाव्या लागतात.

सोल्डर पायाला नीट न भिडता गोळीसारखे राहिले, तर पाय मळका आहे किंवा पुरेसा तापलेला नाही. हाच दुरुस्ती करणाऱ्यांच्या तोंडचा ‘ड्राय सोल्डर’. तो पहिल्या दिवशी चालतो, म्हणून फसवा असतो. आपल्या ध्वनिवर्धकाचे दुखणे याचेच भावंड होते. जड घटक रोज तापतो आणि निवतो, त्याचा पाय आणि पाटी कमीजास्त प्रसरण पावतात, आणि वर्षानुवर्षांच्या ओढाताणीने सांधा वर्तुळात तडकतो. चापटीने भेगेचे दोन काठ तात्पुरते भेटतात, एवढाच त्या उपचाराचा अर्थ.

किनाऱ्यावर यात भर पडते ती खाऱ्या वाऱ्याची. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून पाझरू लागते. पावसाळ्यात बरणीतले मीठ ओले होते ते याचमुळे. पाटीवर बसलेला मिठाचा कण किंवा न धुतलेला फ्लक्स असाच ओला होतो, त्यातून थोडा विद्युतप्रवाह वाहतो आणि धातू झिजतो. म्हणून समुद्राजवळ वापरायच्या पाट्यांवर वार्निशासारखा संरक्षक लेप देतात.

दोष काढताना कारागिराचा एक नियम असतो: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तापमान, वेग आणि फ्लक्स तिन्ही एकदम बदलले आणि दोष गेला, तर तो कशाने गेला हे कधीच कळत नाही. प्रयोगवहीत आपण विद्यार्थ्यांना हेच शिकवतो. येथे चुकीची किंमत मात्र मोठी असते. एका पाटीवर २०० सांधे आहेत आणि हजारात एक सांधा कच्चा राहतो असे समजू. मग सर्व सांधे चांगले असण्याची संभाव्यता ०.९९९ चा २०० वा घात, म्हणजे सुमारे ०.८२. शंभरातल्या अठरा पाट्या सदोष! म्हणून चांगल्या कारखान्यात लाखात एका कच्च्या सांध्याचाही विचार करावा लागतो.

शिशाचा निरोप

या सगळ्यात एक पाहुणा घातक होता: शिसे. २५० अंशांना त्याची वाफ फारशी होत नाही. पण कढईवरची साय काढताना उडणारी बारीक धूळ हाताला लागते आणि हात तोंडाकडे जातात. टाकून दिलेली उपकरणे जाळून तांबे काढणाऱ्या वस्त्यांत ते माती-पाण्यात उतरते. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि याची निर्धोक अशी कोणतीही पातळी आढळलेली नाही. कथील महाग आणि शिसे स्वस्त, म्हणून पूर्वी काही ठिकाणी कल्हईतही शिसे मिसळले जाई. तो धोका तर थेट ताटातला. राळेचा धूरही निर्दोष नाही. तो रोज श्वासात गेल्याने कामगारांना दमा जडल्याचे सिद्ध झाले आहे. कावीशेजारी धूर ओढून घेणारी नळी असणे ही चैन नव्हे.

युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंतील शिशावर बंदी घातली. आपल्याकडे ई-कचऱ्याविषयीचे २०११ चे नियम १ मे २०१२ पासून लागू झाले आणि त्यांतही शिशाला ०.१ टक्क्याची मर्यादा घातली गेली. शिशाच्या जागी आले ते ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी आणि ०.५ टक्के तांबे, किंवा असेच एखादे मिश्रण. ते २१७ अंशांच्या पुढे वितळते. म्हणजे काळाचे चक्र फिरून कारखाना पुन्हा जवळजवळ कल्हईवाल्याच्या शुद्ध कथलापाशी आला.

जुनी युक्ती मात्र उलटी झाली. लाटेत पाट्यांवरचे थोडे थोडे तांबे विरघळते आणि त्याचे कथिलाशी सुईसारखे स्फटिक होतात. त्यांची घनता सुमारे ८.३. शिसेयुक्त सोल्डरची घनता ८.४, म्हणून कढई १९० अंशांच्या जवळ आणून ठेवली की स्फटिक वर तरंगत आणि झाऱ्याने काढता येत. नव्या मिश्रणाची घनता ७.४ आहे, त्यात तेच स्फटिक तळाशी बसतात आणि पंपात अडकतात. शिवाय कथिलाचे प्रमाण वाढल्याने कढईचे स्टेनलेस स्टीलही खाल्ले जाऊ लागले आणि टायटॅनियमच्या किंवा लेप दिलेल्या कढया आल्या. आर्किमिडीजचा नियम माहीत नसलेला कारागीर येथे बरेच दिवस झारा फिरवीत बसेल.

आज मोबाईल फोनसारख्या वस्तूंतील सूक्ष्म घटक वेगळ्या रीतीने जोडतात. पाटीवर सोल्डरचा लेप छापून, वर घटक ठेवून ती भट्टीतून काढतात. पण वीजपुरवठ्याच्या संचांत, इन्व्हर्टरमध्ये, जड पायांच्या घटकांसाठी लाट अजून उसळते आहे.

वर्गासाठी

हे सारे वर्गात दाखवायला यंत्र लागत नाही. तांब्याच्या तारेचे दोन तुकडे घ्यावेत. एक आचेवर काळा करून तसाच ठेवावा, दुसरा पॉलिश कागदाने घासून राळ लावावा. मग दोहोंना कावीने शिसेविरहित सोल्डर लावावे. एकावर गोळी, दुसऱ्यावर पसरलेला चकचकीत थर; डाखकामाचा सारा इतिहास त्या दोन तुकड्यांत आहे. खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि नंतर सर्वांनी साबणाने हात धुवावेत. आपल्या गावात किंवा जवळच्या तालुक्याला एखादा कल्हईवाला अजून काम करीत असेल, तर त्याला शाळेत बोलवावे. त्याच्या भट्टीपुढे बसून मुलांनी प्रश्न विचारावेत आणि उत्तरे वहीत उतरवून घ्यावीत. हे ज्ञान पुस्तकात फारसे लिहिलेले नाही आणि ते जाणणारे हात कमी होत आहेत.

चौलला गलबतांतून धातूच्या लगडी उतरत होत्या. १९८९ साली सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदरात, त्याच रायगडच्या किनाऱ्यावर, आज इलेक्ट्रॉनिक वस्तूंनी भरलेले कंटेनर उतरतात. त्या प्रत्येक वस्तूत कथिलाचे ठिपके आहेत. पुढच्या वेळी एखादे यंत्र चापट खाऊन बरे झाले, तर आत कोणता सांधा कण्हतो आहे, याचा शोध आपल्या विद्यार्थ्यांनी घ्यावा. मात्र यंत्राची वायर आधी भिंतीवरच्या प्लगमधून काढावी, आणि टीव्हीचे झाकण जाणकारालाच उघडू द्यावे.